पाळणा दोनदा निघाला

१

वादिराजरावांना निवृत्त व्हायला एकूणसाठ दिवस राहिले होते, आणि तेवढ्या दिवसांत टेबलावर नवी फाइल येऊ नये एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं. देवानं ते ऐकलं नाही. गुरुवारी द्वादशीचं पारणं सूर्योदयाआधी उरकायचं म्हणून भवानीबाईंनी त्यांना पहाटे साडेचारलाच उठवून पाटावर बसवलं होतं. अगस्तीच्या पाल्याची भाजी पानात पडली आणि दारावर कचेरीच्या शिपायानं थाप दिली.

"आधीं जेवा," भवानीबाई म्हणाल्या. "काल अख्खा दिवस पोटांत पाण्याचा थेंब नाहीं. फाइल कुठें पळून जात नाहीं."

वादिराजराव मान खाली घालून जेवले. काल दुपारी कचेरीच्या कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून त्यांनी बशीभर उप्पुमा खाल्ला होता. डॉक्टरनं उपाशी राहू नका म्हणून बजावलं होतं, हे खरं. पण ते त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर माणूस भांडणाला कंटाळतो, एवढंच.

फाइल शंगुमलैची होती. मद्रासच्या दक्षिणेला अगदी समुद्राला टेकून उभा असलेला हा डोंगर. दोन वर्षांपूर्वी, साठ साली, एका खासगी कंपनीनं त्यावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत तारेचे दोर ताणून दोन डबे चालू केले. एक वर जायला लागला की दुसरा खाली येतो. कंपनीनं पाटीवर 'रोपवे' लिहिलं. लोक त्याला तोट्टिल, म्हणजे पाळणा म्हणू लागले. रविवारी टी. नगरहून बसा भरभरून माणसं वर जायची, सबंध शहर आणि समुद्र एका नजरेत पाहायची, कॉफी प्यायची आणि उतरायची.

बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला पाळण्यांच्या वाटेखालच्या काटेरी झुडपांत कंपनीच्या दोर-तपासनिसाचं, सेतुमाधवाचं, प्रेत सापडलं होतं. पाळणा खाली आला तो रिकामा, दार सताड उघडं. मृताच्या मुठीत पांढऱ्या कापडाचा तुकडा, बहुधा रुमाल, असं पंचनाम्यात होतं. वरच्या ठाण्याचा राखणदार राणोजी यानं दाराची कडी लावली नाही, म्हणून माणूस पडला, असं कंपनीच्या मॅनेजरनं लिहून दिलं होतं. सरकारी तपासनीस म्हणून वादिराजरावांनी 'यंत्र निर्दोष, चूक माणसाची' एवढं लिहून सही केली की राणोजी तुरुंगात जाणार होता आणि रविवारी पाळणा पुन्हा सुरू होणार होता.

सही करून दुपारी झोपायला घरी यायचं, असं ठरवून वादिराजराव निघाले.

२

खालच्या ठाण्यावर गुंडो होता. बारीक अंगाचा, चाळिशीतला माणूस. लोकांना पाळण्यात बसवायचं आणि वर घंटा द्यायची हे त्याचं काम.

"तुला काय दिसलं?" वादिराजरावांनी विचारलं.

"कांहीं दिसलें नाहीं, सार. मध्यें तो मोठा खडक आहे ना, त्याच्या वरचें हिक्कडून दिसत नाहीं. बुधवारीं दहापर्यंत तपासणी, लोकांना बंद. दोन शाळांची पोरें नऊपासून उभी. दीडशें डोकीं. बोंब मारून कान किटवले." त्यानं आवाज उतरवला. "एक सांगूं कां? माझ्याकडला पाळणा त्या दिवशीं दोनदां निघाला."

"म्हणजे?"

"पहिल्यानें निघाला तो मुंगीसारखा. मग एकदम जोरांत सुटला. मग थांबला, आणि उलटा फिरून परत माझ्यापाशीं आला. रिकामाच. दोन मिनिटें उभा राहिला आणि पुन्हां वर गेला. त्या वेळीं वरून जो आला, त्याचें दार उघडें होतें."

"वीज गेली असेल."

"वीज जाऊन कोण उलटें येतें, सार?" गुंडो म्हणाला, पण वादिराजराव तोवर पाळण्यात बसले होते. गुडघे दुखत होते, ऊन चढत होतं, आणि वीज या शब्दानं आजवर त्यांच्या कितीतरी फाइली मिटल्या होत्या.

गुंडोनं दार ओढून बाहेरून कडी सरकवली. कडी बाहेरच होती; आतल्या माणसाला ती ना लावता येई ना काढता. पाळणा उचलला गेला तसे वादिराजरावांनी दोन्ही हातांनी बाक धरलं. उंची त्यांना कधीच सोसली नव्हती, आणि सरकारनं त्यांना बत्तीस वर्षं लिफ्टच तपासायला लावल्या होत्या. खडक मागे पडल्यावर त्यांनी एक डोळा उघडला. खाली ताडाची झाडं, मग वाळूची पिवळी पट्टी, मग समुद्र, आणि उत्तरेला धुरकट उन्हात पसरलेलं सगळं मद्रास, देवळांची गोपुरं आणि बंदरातली जहाजं धरून. सुंदर होतं. त्यांना फक्त घरी जायचं होतं.

तिसऱ्या खांबापुढे, डोक्यावरच्या जाड दोराला काहीतरी पांढरं चिकटलेलं त्यांना दिसलं. बगळ्याचं पीस असेल म्हणून त्यांनी डोळा पुन्हा मिटून घेतला.

३

मॅनेजर नारायणस्वामी स्वतः पुढे आला. पन्नाशीचा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोळे सुजलेले. तोही वादिराजरावांसारखाच तंजावरकडच्या मराठी देशस्थांपैकी. त्यानं वादिराजरावांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"काय सांगूं, राव. नऊ वर्षांची ओळख. या कंपनींत त्याला मीच आणला. मंगळवारीं एकादशी, तुम्हांला ठाऊकच. निर्जळी करायचा बिचारा. बुधवारीं पहांटे पारणें सोडून आला, तरी चेहरा सुकलेला. मी म्हटलें, सेतू, बस माझ्यासंगें. साडेनऊला दोन इडल्या आणि कॉफी घेतली इथें, याच टेबलाशीं. हंसत होता. मग खालचें चाक बघून येतों म्हणून पाळण्यांत बसला." त्यानं डोळे पुसले. "राणोजीनें कडी लावली असती तर आज जिवंत असता."

"दोर कसा तपासायचा तो?"

"दुर्बिणीनें. इथूनच."

तपासणीची वही टेबलावर होती. दर बुधवारी सेतुमाधवाची बारीक, सरळ सही. या बुधवारची ओळ कोरी.

"वर येऊन करणार होता," नारायणस्वामी म्हणाला.

राणोजी यंत्रघराच्या पायरीवर बसला होता. बावन्न-त्रेपन्नचा मराठा गडी, पांढऱ्या मिशा, खाकी कपडे. पाळण्याची कडी आणि यंत्राचा दांडा, दोन्ही एरवी त्याच्याच हातात असायचे. त्याच्याशेजारी खालच्या झऱ्यावरून भरून आणलेली कळशी होती.

"कडी लावली होतीस?"

"लावली, सार."

"आठवतं?"

"लावली." तो वादिराजरावांच्या चपलांकडे बघत होता. "तीन मुली आहेत, सार. एकीचेंच लग्न झालें."

वादिराजरावांना हा सूर ओळखीचा होता. खोटं बोलणारा माणूस असाच बोलतो, आणि भ्यालेलाही. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि पुन्हा लावलं. दुपारची झोप तशीही गेलीच होती. मृताच्या बायकोला भेटल्याशिवाय सही करू नये, असा त्यांचा जुना नेम होता. एका दिवसानं काही बिघडणार नव्हतं.

"उद्या पाठवतो कागद," ते म्हणाले. नारायणस्वामीनं मान हलवली, पण तो त्यांच्या पेनकडेच पाहत होता.

४

शुक्रवारी मद्रासमधल्या तिरुवल्लिक्केणीत, सेतुमाधवाच्या दोन खोल्यांत, त्याची बायको कनका चटईवर बसली होती. पस्तिशीची असेल. घरात सुतक, म्हणून वादिराजरावांना कुणी पाणी विचारलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही.

"मामा, मला एकच विचारायचें आहे," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "स्मशानांत मॅनेजरनीं अस्क्या लोकांपुढें सांगिटलें, त्यांनीं इडली खाल्ली, कॉफी घेतली म्हणून. खरें आहे कां?"

"त्यात काय, बाळ? मंगळवारची एकादशी झाली, बुधवारी..."

ते तिथंच थांबले.

"आमची बुधवारीं होती," कनका म्हणाली. "तुमचीही बुधवारींच असणार. सासूबाई तेव्हांपासून म्हणतात, एकादशीला तोंड उष्टें केलें, म्हणून देवानें हात सोडला. बाविसाव्या वर्षापासून एक एकादशी मोडली नाहीं त्यांनीं. तापांतसुद्धां नाहीं. माझ्यापासून लपवून खात असतील, तर मी कुणाबरोबर राहिलें इतकी वर्षें?"

वादिराजरावांचे कान तापले. गुरुवारी पहाटे त्यांनी स्वतः पारणं केलं होतं. म्हणजे एकादशी बुधवारी. नारायणस्वामी समोर बसून मंगळवार म्हणाला, आणि यांनी ते ऐकून सोडून दिलं! बुधवारच्या उप्पुम्यामुळे एकादशी हा शब्दच त्यांना नको झाला होता.

गोष्ट साधी होती. एकादशीला दशमीचा स्पर्श असला तर माध्व घरं, सेतुमाधवाचं आणि वादिराजरावांचं धरून, ती सोडून दुसऱ्या दिवशी उपास धरतात. विभूती लावणारी स्मार्त घरं पहिल्याच दिवशी धरून मोकळी होतात. बोली एक, आडनावं एक, कधी भिंतही एकच. पण वर्षातून दोन-चारदा एका घरी उपास असतो तेव्हा शेजारी पारण्याचं पान वाढलेलं असतं. नारायणस्वामीनं आपल्या घरची एकादशी मेलेल्या माणसाच्या गळ्यात बांधली होती.

पण खोटं कॉफीचंच का? माणूस आपल्यासमोर खुर्चीत बसला होता, हे दाखवायची कुणाला गरज पडते? तो दुसरीकडे कुठंतरी होता, हे लपवायचं असेल त्याला.

"तो दोर कसा तपासायचा, तुला कधी बोलला?"

कनका उठली आणि कोनाड्यातून एक जुनं धोतर घेऊन आली. त्याच्या एका बाजूच्या पट्ट्या फाडून नेलेल्या होत्या.

"दर बुधवारीं एक पट्टी न्यायचे. पाळण्याच्या टपावर बसून, हळू चालवायला लावून, वरच्या दोराभोंवतीं ही चिंधी धरायची. तार तुटली असली तर डोळ्याला दिसत नाहीं, चिंधीला अडकते. अंगाला बांधायला पट्टा द्या म्हणून दोनदां लिहून दिलें होतें त्यांनीं."

वादिराजराव त्या धोतराकडे पाहत राहिले. बगळ्याचं पीस म्हणे.

५

शनिवारी त्यांनी गुंडोला वर घंटा द्यायला लावून पाळणा अगदी हळू चालवायला सांगितला. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, हे त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

खडक मागे पडला. समुद्र चकाकत होता, दूर एक जहाज बंदराकडे वळत होतं. तिसरा खांब गेला. वरचा जाड दोर जागचा हलत नाही. पाळणा त्याच्यावरून चाकांनी सरकतो. म्हणून दोराला जे अडकलं ते जिथल्या तिथंच होतं: सुती धाग्यांचा पुंजका, वाऱ्यावर हलणारा, आणि खाली बरोबर त्याच जागी मोडलेली झुडपं.

पाळणा पुंजक्याखालून सरकला तेव्हा वादिराजराव खिडकीतून मान बाहेर काढून पाहत होते. धाग्यांच्या आत तुटलेल्या तारांची टोकं वर आली होती. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि सातवर थांबले, कारण आपण याच दोराला लटकतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. रविवारी एकेका डब्यात बारा माणसं बसणार होती.

उरलेली चार मिनिटं ते बाकावर अगदी स्थिर बसून राहिले. आश्चर्य म्हणजे, डोळे मिटावेसे वाटले नाहीत.

६

"कॉफी मागवा," ते नारायणस्वामीसमोर बसत म्हणाले. "दोन."

दोन डबरे-टंबलर, म्हणजे वाटीत ठेवलेले पितळेचे पेले, आले. वादिराजरावांनी आपला बाजूला सरकवला.

"बुधवारी इथं दोन कॉफ्या कोण प्यायलं?"

"सांगिटलें ना, सेतू आणि मी."

"तुमची एकादशी मंगळवारी. त्याची बुधवारी होती, नारायणस्वामी. माझीही. तो त्या दिवशी थुंकी गिळताना विचार करत असेल, आणि तुम्ही त्याला इडली चारता."

नारायणस्वामीनं आपला टंबलर खाली ठेवला.

"सकाळी इस्पितळात विचारून आलो. पोट रिकामं होतं." वादिराजरावांचा आवाज चढला नाही, चढवायला अंगात जोर नव्हता. "तो इथं बसला नव्हता. पाळण्याच्या आतही नव्हता. टपावर होता, मुठीत धोतराची चिंधी धरून. तिचे धागे आत्ता दोरावर बघून आलो, जिथं तो पडला त्याच्या नेमके वर. पाळणा हळू चालला होता, मग एकदम सुटला. यंत्रघरात कोण होतं?"

"राणोजी..."

"राणोजी नव्हता." गुरुवारची कळशी आठवून वादिराजरावांनी दाराबाहेरच्या राणोजीकडे मान वळवली. "ये आत. तुला पाण्याला कुणी धाडलं?"

राणोजी उंबऱ्यातच उभा राहिला.

"मॅनेजरसारनीं. खालच्या झऱ्यावरून कळशी आण म्हणून. वर आलों तर पाळणा गेलेला. जागा सोडली म्हणून कामावरून काढतील ह्या भीतीनें कडी लावली म्हणालों. मी दाराला हातच लावला नाहीं, सार."

"माणूस पडल्यावर पाळणा उलटा फिरवून वर आणला," वादिराजराव नारायणस्वामीला म्हणाले, "कारण दार बंद होतं आणि कडी बाहेरून. ती काढायला पाळणा इथं यायलाच हवा होता. म्हणून खालचा पाळणा दोनदा निघाला. गुंडोनं ते मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच वीज गेली म्हणालो."

नारायणस्वामीनं कॉफीच्या टंबलरभोवती हात धरले, ऊब घ्यावी तसे.

"दीडशें पोरें खालीं," तो शेवटी म्हणाला. "गुंडो घंटेवर घंटा देत होता. दहा वाजून गेले. सेतू एकेक वीत पुढें जाणार, थांबणार, चिंधी बघणार. मी दांडा हातांत धरून उभा. तिसऱ्या खांबापुढें त्यानें हात वर केला."

"थांबवा म्हणून."

"हो." त्यानं वर पाहिलं. "मला दिसला हात. मला वाटलें, पुन्हां कांहीं तरी काढलें ह्यानें, आतां दिवसभर बंद. रागानें दांडा पुढें ढकलला. त्याला मारायला नाहीं, राव. नुसता चल एकदां, म्हणून. तो असा बसल्या जागेवरून..." त्यानं हातानं खाली दाखवलं.

"आणि मग याच्या तीन मुली विसरलात."

वादिराजरावांना नारायणस्वामीचा संताप यायला हवा होता, आणि आलाही. पण त्या संतापात एक कळ अशी होती की तिचं तोंड त्यांच्याकडेच होतं. कटकटीला कंटाळून दांडा ढकलणारा माणूस आणि कटकटीला कंटाळून सही ठोकणारा माणूस यांत त्यांना फार अंतर दिसेना. गुरुवारी त्यांनी पेनचं टोपण उघडलंच होतं.

त्यांनी वही ओढून बुधवारच्या कोऱ्या ओळीत लिहिलं: 'तिसऱ्या खांबापुढे दोराच्या सात किंवा अधिक तारा तुटलेल्या. सेतुमाधव यांनी शोधल्या. पाळणा बंद.' खाली सही केली, यंत्रघराला कुलूप घालून त्यावर लाख लावली आणि पोलीस ठाण्याला फोन केला.

मग त्यांच्या ध्यानात आलं की आता खाली जायला पाळणा नाही.

"पायऱ्या किती रे?"

"सहाशें बारा, सार," राणोजी म्हणाला आणि आपला खांदा पुढे केला.

७

दिवेलागणीला ते तिरुवल्लिक्केणीत पोचले तेव्हा गुडघे वाकत नव्हते. कनकानं दार उघडलं. ती काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

"नाही घेतली त्यानं कॉफी. पाण्याचा थेंबही नाही. इस्पितळातल्या डॉक्टरनं सांगितलं, आणि ज्यानं खोटं सांगितलं होतं त्यानंही कबूल केलं. तुटलेली तार सापडली तेव्हा त्यानं हात वर केला होता. उद्या जी माणसं त्या पाळण्यात बसणार होती, त्यांच्यासाठी. सासूबाईंना बोलव, त्यांनाही सांगतो."

कनका भिंतीला धरून खाली बसली. चार दिवसांत पहिल्यांदा ती रडली, मोठ्यानं, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं. वादिराजराव उंबऱ्यावर बसून राहिले. तिला रडू दिलं.

ती थांबल्यावर ते म्हणाले, "थोडं पाणी दे."

"सुतक आहे, मामा. आमच्या घरचें पाणी तुम्हांला..."

"माहीत आहे. बुधवारी मी बशीभर उप्पुमा खाल्ला, भिंतीकडे तोंड करून. बायकोला अजून सांगितलं नाही. दे तू."

ती उठली. मग आत जाऊन लोटी भरून घेऊन आली. वादिराजरावांनी ती वरून, सावकाश, एका दमात संपवली आणि रिकामी लोटी तिच्यासमोर ठेवली. न सांगता तिनं ती पुन्हा भरून आणली.